धुराड्यांतलीं मुलें

इंग्रज कवि विल्यम ब्लेक यानें धुराडीं झाडणाऱ्या लहान मुलांवर दोन कविता लिहिल्या. एक १७८९ सालीं प्रसिद्ध झाली, दुसरी १७९४ सालीं. त्या वर्गांत शिकवितांना एखादा विद्यार्थी हटकून विचारतो कीं, ही चाल बंद केव्हां झाली? १८७५ सालीं, असें उत्तर मी देतों. मग स्वाभाविकच दुसरा प्रश्न येतो: तोंपर्यंत याविरुद्ध कायदा नव्हता काय? कायदा होता. पहिला कायदा १७८८ सालींच झाला होता. त्यानंतरहि सत्याऐंशी वर्षें मुलें धुराड्यांत चढत राहिलीं, याचें कारण शोधून पाहण्यासारखें आहे.

प्रथम हा धंदा काय होता तें सांगितलें पाहिजे. लंडनसारख्या थंड शहरांत घरोघर दगडी कोळसा जळे. धूर वर नेणाऱ्या नळ्या भिंतींतून वळणें घेत छपरापर्यंत जात. कित्येकांची रुंदी अवघी नऊ इंच असे. आंत सांचलेली काजळी पेट घेई, म्हणून ती वरचेवर खरडून काढणें भाग होतें. मोठ्या माणसाचें अंग तेथें शिरत नसे. सहा-सात वर्षांचें मूल मात्र कोपरें व गुडघे भिंतीस टेकीत वर सरकूं शके. अशीं मुलें उमेदवारीच्या नांवाखालीं मिळत. अनाथ मुलांचा भार ज्यांच्यावर असे ते गांवचे अधिकारी त्यांस मालकाच्या हवालीं करून मोकळे होत. दारिद्र्यानें गांजलेले आईबापहि थोडे पैसे घेऊन मूल देऊन टाकीत. करार वर्षानुवर्षांचा, मजुरी नाहीं, आणि पळून जावें तर आसरा नाहीं. कातडी निबर व्हावी म्हणून मुलांचीं कोपरें व गुडघे विस्तवापुढें मिठाच्या पाण्यानें चोळीत. रात्रीं काजळीच्या पोत्यांवर निजावयाचें. कांहीं मुलें नळींत अडकून गुदमरून मेलीं. जीं वांचलीं त्यांतील कित्येकांस पुढें काजळीपासून होणारा कर्करोग गांठी. लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें या रोगाचें कारण १७७५ सालींच लिहून ठेविलें होतें. तेव्हां समाजास हें ठाऊक नव्हतें, असें म्हणतां येत नाहीं.

दयेचाहि अभाव नव्हता. जोनास हॅनवे हा लंडनचा व्यापारी या मुलांसाठीं आयुष्याच्या अखेरपर्यंत झटला. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १७८८ सालीं, पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालील मूल उमेदवार म्हणून घेऊं नये, एका मालकानें सहांहून अधिक मुलें ठेवूं नयेत, असें त्यांत ठरलें. मूळ मसुद्यांत आणखी एक कलम होतें: धंदा करणाऱ्यानें परवाना घ्यावा. उमरावांच्या सभेनें तें गाळलें. वाचकांनीं हें कलम ध्यानांत ठेवावें.

यंत्राचीहि उणीव नव्हती. १८०३ च्या सुमारास जॉर्ज स्मार्ट या कारागिरानें पोकळ काठ्यांतून दोरी ओंवून व टोकास कुंचा बसवून धुराडें खालूनच झाडण्याची युक्ति काढली. १८३४ सालीं वयाची मर्यादा वाढविण्यांत आली. १८४० च्या कायद्यानें एकवीस वर्षांखालील कोणासहि धुराड्यांत चढविणें गुन्हा ठरला. १८६४ सालीं शिक्षा कडक झाली. तरी मुलें चढतच होतीं.

याचीं कारणें तीन दिसतात. पहिलें असें कीं, बंदी अमलांत आणणें हें कोणाच्याहि नेमणुकीचें काम नव्हतें. कोणा सज्जनानें फिर्याद द्यावी, साक्षीदार आणावेत, तेव्हां खटला चालावा. दुसरें असें कीं, खटला ज्यांच्यापुढें चाले ते न्यायाधीश स्वतःच पुष्कळदां वळणावळणाच्या धुराड्यांचे व मोठ्या घरांचे धनी असत. यंत्रानें घर खराब होतें, नळ्यांचीं वळणें मोडून घेण्याचा खर्च येतो, ही तक्रार त्यांच्याच वर्गाची होती. तिसरें कारण अधिक विचार करण्यासारखें आहे. जो मालक यंत्र वापरी त्याचें गिऱ्हाईक तुटे. मूल आणीत नसाल तर दुसऱ्यास बोलावूं, असें त्यास घरधनी आणि घरधनिणी सांगत. मुलांच्या मजुरीची चौकशी करणाऱ्या ज्या कमिशनाचा पहिला अहवाल १८६३ सालीं निघाला, त्यापुढें धंद्यांतल्याच माणसांनीं ही हकीकत सांगितली. अर्थात् कायदा पाळणारा बुडे आणि मोडणारा तगे.

१८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळ फुलबर्न येथील वेड्यांच्या इस्पितळाचें धुराडें झाडतांना जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा आंत अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढलें; पण तो लवकरच मरण पावला. मालकास सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हें घर कोणा निर्दय सावकाराचें नव्हतें, आजाऱ्यांची सेवा करणारी ती संस्था होती. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं त्याच वर्षीं नवा कायदा करून घेतला. धुराडीं झाडणाऱ्यानें दर वर्षीं पोलिसांकडून परवाना घ्यावा, कायदा मोडल्यास तो जावा, आणि अंमलबजावणी पोलिसांनीं करावी. १७८८ सालीं गाळलेलें कलम सत्याऐंशी वर्षांनीं परत आलें, आणि ही चाल संपली.

या इतिहासाचा बोध आजहि शिळा झालेला नाहीं. इंग्लंडांत २०१५ सालीं अर्वाचीन गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. ज्यांची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लक्ष पौंड वा अधिक आहे, त्यांनीं आपल्या धंद्यांत व पुरवठ्याच्या साखळींत गुलामी नसावी म्हणून काय केलें, याचें निवेदन दर वर्षीं प्रसिद्ध करावें, असें त्यांत कलम आहे. परंतु आम्हीं कांहींच केलें नाहीं, असें निवेदनहि त्या कलमास पुरतें! कचेऱ्या झाडणारा कामगार कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराकडे असतो. तेथवर असला कागद पोंचणें कठीण.

आणि आपण इंग्रजांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्या मुलांस दारिद्र्यानें धुराड्यांत लोटलें. आपल्याकडे मैला उपसण्याचें काम जातीनें जन्मतःच माथीं मारलें. त्याविरुद्ध १९९३ व २०१३ सालीं कायदे झाले. गटारांत मृत्यु आलेल्यांच्या कुटुंबांस दहा लक्ष रुपये द्यावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें व २०२३ सालीं ती रक्कम तीस लक्षांवर नेली. म्हणजे मरणें थांबलीं नव्हतीं. यंत्रें आहेत, कायदा आहे. पण मैल्याची टांकी तुंबली म्हणजे स्वस्त माणूस बोलावणारे आपणच असतों. आंत कोण उतरणार, त्याची मजुरी कोणाच्या हातांत पडणार, आणि यंत्र कां आणलें नाहीं, हे तीन प्रश्न दार उघडतांना विचारणें आपल्या हातांत आहे. फुलबर्नच्या इस्पितळांत ते त्या दिवशीं कोणीं विचारले असते, तर तो मुलगा घरीं परतला असता.