हापसा

तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं गाव. बीड जिल्ह्यात ते ओळखलं जातं त्वरितादेवीमुळं. देवीच्या या गावात आम्ही मूठभर ख्रिस्ती घरं. ना चर्च, ना मुक्कामाचा पाळक. महिन्या-दोन महिन्यांनी कुणी पाळकबुवा सायकलवर यायचे, नाहीतर आजीच्या ओसरीवर आम्हीच टाळ घेऊन भजनं म्हणायचो.

आमच्याकडं हा धर्म गोदावरीच्या पल्याडून, जालन्याकडून आला. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढं स्कॉटिश मिशनच्या कामासाठी ते निजामाच्या मुलखात जालन्याला आले. सालारजंग तेव्हा निजामाचे दिवाण होते. त्यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांच्या मंडळीत आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. माझे पणजोबा त्याच वाटेनं आलेले.

लोक म्हणतात, पोटासाठी बाटले. दुष्काळात काही जण भाकरीसाठी गेले, हे खोटं नाही. पण भाकरी वाटणं बंद झाल्यावरही जे राहिले, त्यांचं काय? त्यांना रोजचे टोमणे होते, दोन्हीकडून तुटलेली सोयरीक होती. आजी म्हणायची, "सुकाळात समदेच देवाचे असत्यात रे. दुष्काळात कोण कुनाचा ते कळतं."

ते मला कळलं 1972 मध्ये. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिलेला. त्या वर्षी ज्वारीचा कोंबसुद्धा वर आला नाही. विहिरींनी तळ दाखवला. जनावरं बाजारात मिळेल त्या भावानं गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. आई-वडील, थोरला भाऊ, सगळे कामावर. लेकरांना सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाला लागायची, पण त्या मिलोनंच आम्हाला जगवलं.

खडीवर बसलं की माणसं कारण शोधायची. कुणी म्हणायचं देवीचा कोप झाला. कुणी आमच्याकडं बघून म्हणायचं, यांनी धर्म सोडला म्हणून पाऊस रुसला. गंमत अशी, की आमच्यातलाच एक पाहुणा उपदेशक ओसरीवर येऊन तेच वेगळ्या शब्दांत सांगून गेला. तुमच्या पापाची ही शिक्षा आहे, म्हणाला. आजीनं त्याला चहा दिला, अन् तो गेल्यावर म्हणाली, "ईयोबाचे सोबती सात दिवस गप बसले तवर शहाने होते. तोंड उघडलं अन् घोळ झाला."

आजीला वाचता येत नव्हतं, पण शास्त्र ऐकून पाठ होतं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा पापी होती असं मानू नका, असं प्रभूनं बजावलं होतं, हे ती आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. जन्मांध माणूस बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं? प्रभूनं तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्या माणसाचे डोळे बरे केले. "का झालं ते देवाला इचारावं, रडावं, भांडावं बी. पन शेजाऱ्याच्या दुखन्याचं कारन आपन सांगू नये. त्याला पानी द्यावं," एवढंच तिचं म्हणणं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण ती नेहमी द्यायची. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. पुढं भाऊ गेला, आणि 1882 साली नवराही. एवढं सोसलेल्या बाईनं देवाचं नाव टाकलं असतं तरी कुणी बोल लावला नसता. त्या 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. 1922 मध्ये त्या वारल्या. आपण दुष्काळात का वाचलो, याचं उत्तर त्यांनी कृतीनं दिलं.

असंच एक उत्तर आमच्या मराठवाड्यात लोखंडाचं निघालं. आमच्याकडं मुरमाखाली काळा पाषाण. हातानं विहीर खणायची तर सुरुंग लावून महिनोन्‌महिने जायचे. 1960 च्या दशकात हवेच्या दाबानं पाषाण फोडणारी बोअरची यंत्रं आली. जालन्याच्या स्कॉटिश मिशननंही गावोगाव बोअर घ्यायचं काम हाती घेतलं. पण बोअर अरुंद, त्यात बादली जाणार कशी? त्यावर बसवायचे ते बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले. पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव दांडा मारू लागलं की ते मोडून पडायचे. मग जालन्याच्या लोकांनी पोलादाचा, एकाच खिळीवर हलणारा दणकट पंप तयार केला. लोक त्याला जालना पंपच म्हणत. सोलापूरला त्यात सुधारणा झाली, आणि त्यावरून 1970 च्या दशकात युनिसेफ, सरकार आणि मद्रासच्या कारखान्यानं मिळून 'इंडिया मार्क टू' घडवला. तो पुढं लाखांनी बसला, आफ्रिकेतल्या देशांतही गेला. आपण ज्याला हापसा म्हणतो तो हाच. पाणी भरणाऱ्याचा धर्म विचारून तो पाणी देत नाही. विहिरीवर आम्हाला कडेला थांबावं लागायचं. हापशावर नंबर लागला.

सगळी संकटं मात्र आभाळातून येत नाहीत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये. आमचा झाला नाही. म्हणून कित्येक घरांत दोन धर्म असतात, एक कागदावरचा, एक ओसरीवरचा. थोरल्या भावाचं नाव शाळेत घालताना मास्तर वडिलांना भल्यासाठीच म्हणाले, हिंदू लिहा, पोराचं कल्याण होईल. वडिलांनी ख्रिस्ती लिहिलं. फी माफी गेली, शिष्यवृत्ती गेली. दुष्काळानंतर भाऊ परत शाळेत गेलाच नाही, कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. त्यानं वडिलांना कधी माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. शेजारच्या घरानं दुसरं लिहिलं, त्यांचा पोरगा नोकरीला लागला. आजीनं त्यांना कधी नाव ठेवलं नाही. रविवारी ओसरीवर त्यांच्यासाठी घोंगडी अंथरलेलीच असायची. "ज्याच्या पायात काटा मोडला त्यालाच कळ," म्हणायची.

विश्वासानं वागणं म्हणजे काय, हे मला या दोन गोष्टींतून कळलं. वडिलांनी किंमत मोजून खरं लिहिलं. आजीनं, ज्यांना ती किंमत झेपली नाही, त्यांना दार उघडं ठेवलं. नुसतं पहिलं असतं तर ताठा झाला असता, नुसतं दुसरं असतं तर सोय.

आमच्या वस्तीवरचा हापसा आता कोरडा आहे. उसाच्या आणि मोसंबीच्या बोअरनी पाणी कुठल्या कुठं खाली नेलं. उन्हाळ्यात टँकर येतो, भांडणं होतात. दिवाळीच्या पुढंमागं निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून जाते, मागं म्हातारी अन् लेकरं. भाऊ आता थकलाय. पण टँकर आला की तो आधी त्या म्हाताऱ्यांच्या घागरी भरून देतो, मग स्वतःची लावतो. प्रार्थनेला मात्र अजूनही बसत नाही. मी त्याला आग्रह करत नाही.