वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म : १३ एप्रिल १८९५, मृत्यू : २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग व कुष्ठरोग यांचे संशोधक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. भारतीय लोकांच्या सवयी, पोशाख व चालीरीती यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी पद्धतशीरपणे दाखवून दिला. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला व वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले.

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांनी लंडन विद्यापीठात शिक्षण घेऊन १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. रोगामुळे शरीरातील ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. रुग्णाच्या शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे विकृतिशास्त्रज्ञ ठरवितो. असे निदान करीत असताना एकेका रुग्णाच्या नोंदींतून संपूर्ण समाजाच्या आरोग्याचे चित्र उभे करता येते, ही दृष्टी खानोलकरांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरली.

टाटा स्मारक रुग्णालय

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांच्या संचालकपदाची धुरा खानोलकरांनी सांभाळली. कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील रोग असून भारतात तो विरळाच आढळतो, असा समज त्या काळी प्रचलित होता. रुग्णालयात जमा होणाऱ्या नोंदींच्या आधारे हा समज तपासून पाहणे शक्य झाले. १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रोग भारतात विरळा नाही, मात्र तो शरीराच्या कोणत्या भागात होतो हे येथे वेगळे आहे, ही गोष्ट अशा अभ्यासांतून स्पष्ट झाली.

सवयी व कर्करोग

१९४५ मध्ये सूर्याबाई या सहसंशोधिकेसह लिहिलेल्या निबंधात खानोलकरांनी भारतातील रूढींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन केले. पहिला प्रकार धोतराचा कर्करोग. कमरेभोवती घट्ट बांधलेल्या धोतराच्या वर्षानुवर्षे होणाऱ्या घर्षणामुळे तेथील त्वचेत तो उद्भवतो. दुसरा प्रकार चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारी भागात चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल असून, तिच्या उष्णतेने व धुराने टाळूला कर्करोग होतो. तिसरा प्रकार खैनीचा. तंबाखू व चुना यांचे मिश्रण ओठाच्या आत ठेवण्याच्या सवयीशी त्याचा संबंध आहे. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीमुळे होणारा त्वचेचा कर्करोग त्याआधीच वैद्यकीय जगाला ठाऊक होता.

या निरीक्षणांचे महत्त्व असे की, रोगाचे कारण वंशात शोधण्याऐवजी राहणीत शोधण्याची दिशा मिळाली. वंश बदलता येत नाही, सवय मात्र बदलता येते. त्यामुळे कर्करोग टाळण्याजोगा आहे, या विचाराला बळ मिळाले. १९५५ मध्ये संघवी व राव यांच्यासह खानोलकरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंबाखू ओढणे व चघळणे या दोन सवयींचा मुख व घसा यांसह अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध तपासला आहे. त्यापूर्वी १९४९ मध्ये संघवी व खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली होती.

कुष्ठरोग संशोधन

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतींचा खानोलकरांचा अभ्यास १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विशेष अहवाल म्हणून प्रसिद्ध केला. कुष्ठरोगाचे जंतू प्रथम त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांत शिरतात व तेथून मज्जातंतूंमधून वर सरकतात. म्हणून हा रोग आरंभापासूनच मज्जातंतूंचा रोग आहे, असे मत त्यांनी मांडले. जंतू मज्जाक्षातून प्रवास करतात, हा त्यातील भाग पुढे जसाच्या तसा टिकला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांत जंतू मुख्यत्वे मज्जातंतूंभोवतालच्या श्वान पेशींत आढळले. तथापि मज्जातंतूंना होणारी बाधा हे या रोगाचे मूळ लक्षण आहे, हा त्यांचा आग्रह योग्य ठरला. हातापायांची संवेदना जाणे व व्यंग येणे ही त्याच बाधेची परिणती होय.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. ऊतिसंवर्धन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी, आनुवंशिकी अशा त्या काळी भारतात नव्या असलेल्या शाखांची तेथे जोपासना झाली. कमल रणदिवे व सत्यवती सिरसाट या संशोधिका त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या. स्त्रियांना प्रयोगशाळेत क्वचितच स्थान मिळत असे, त्या काळात ही बाब उल्लेखनीय होती. रणदिवे, बापट व खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून वाढविलेला जंतू केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला जातो. पुढे कुष्ठरोगावरील लसीच्या प्रयोगांत त्याचा उपयोग करण्यात आला. १९६६ मध्ये केंद्र व रुग्णालय यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

कुलगुरुपद व अन्य कार्य

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची सूत्रे त्यांनी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच हाती घेतली. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अणुकिरणोत्साराच्या परिणामांविषयी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता.

लेखन व स्मृती

कर्करोग, कुष्ठरोग व रक्तगट या विषयांवर खानोलकरांचे शंभरांहून अधिक शोधनिबंध आहेत. त्यांचे लेखन मुख्यतः इंग्रजीत असून ते देशी-विदेशी वैद्यकीय नियतकालिकांत व संशोधन परिषदेच्या अहवालांत विखुरलेले आहे. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संकुलातील ‘खानोलकर शोधिका’ ही इमारत त्यांचे नाव धारण करते.