बिदागी, वेतन, मानदेय : छत्तीसगढमधील राज्याश्रयाची तीन रूपे

१

मध्य प्रदेशातून वेगळे होऊन १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर ही त्याची राजधानी झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २००१मध्ये, कोरबा येथील भारत अॅल्युमिनियम कंपनी या केंद्र सरकारच्या उपक्रमातील ५१ टक्के भागभांडवल ५५१.५ कोटी रुपयांना स्टरलाइट कंपनीस विकण्यात आले. ‘बाल्को’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्यातील कामगारांनी ६७ दिवसांचा संप केला. अजित जोगी यांच्या राज्य सरकारनेही विक्रीस विरोध केला. विक्रीच्या करारात पहिले वर्षभर कर्मचारी-कपात न करण्याची अट होती. त्यापुढील वाट स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेकडे जात होती. १० डिसेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा भाग असल्याचे सांगून विक्री वैध ठरविली.

याच काळात राज्यस्थापनेचा दिवस ‘राज्योत्सव’ म्हणून दरवर्षी साजरा होऊ लागला आणि त्याचा विस्तार होत गेला. २०१२च्या राज्योत्सवात हिंदी चित्रपटसृष्टीतील कलावंतांना निमंत्रित केले गेले. त्यांपैकी करीना कपूर यांच्या काही मिनिटांच्या नृत्यासाठी १ कोटी ४० लाख रुपये देण्यात आल्याचे पुढे विधानसभेतील उत्तरातून प्रसिद्ध झाले, आणि त्यावर बरीच टीका झाली.

या दोन घटनाक्रमांची सांगड सामान्यतः एका सरळ सूत्राने घातली जाते : उत्सवावर पैसा उधळला, म्हणून नोकऱ्यांसाठी तो उरला नाही. या सूत्रामागील संताप समजण्याजोगा असला, तरी हिशेबाच्या कसोटीवर ते टिकत नाही. बाल्कोच्या विक्रीची रक्कम त्या एका नृत्याच्या मोबदल्याच्या जवळजवळ चारशेपट होती. शिवाय विक्रीचा निर्णय केंद्राचा होता आणि उत्सवाचा खर्च राज्याचा. नोकरकपात आणि उत्सवी खर्च यांचा संबंध तिजोरीतील रकमेत शोधण्याऐवजी राज्यसंस्था आणि काम करणारा माणूस यांच्यातील नात्यात शोधावा लागतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हे नाते ‘बिदागी’, ‘वेतन’ आणि ‘मानदेय’ या तीन शब्दांच्या आधारे तपासता येते.

२

छत्तीसगढचा मराठी राजसत्तेशी संबंध १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या स्वारीने आला. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून १७८७पर्यंत कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदारांची राजवट आली. १८१८मध्ये ब्रिटिशांकडे देखरेख गेल्यावर कर्नल अॅग्न्यू यांनी मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दरबार, फौज व देवस्थाने यांच्या आश्रयाने जगणाऱ्या वर्गाचा आधार सुटला. रायपुरातील तात्यापारा या वस्तीच्या नावात आणि मराठी कुटुंबांच्या वास्तव्यात या काळाच्या खुणा आजही आढळतात.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना या संपर्काची एक खूण विशेष महत्त्वाची वाटेल. छत्तीसगढी ‘नाचा’ या लोकनाट्यातील विनोदी प्रवेशाला ‘गम्मत’ म्हणतात. मराठी ‘गंमत’ या शब्दाशी असलेले साम्य, मराठी फौजांच्या तळांवरील करमणुकीची परंपरा आणि तमाशातील नाच्या व सोंगाड्या यांच्याशी नाचामधील परी व जोक्कड यांचे असलेले सादृश्य यांवरून काही अभ्यासकांनी नाचाचा उगम मराठी छावण्यांत शोधला आहे. केवळ शब्दसाम्यावरून उगम सिद्ध होत नाही. स्थानिक देवार, गोंड व सतनामी परंपरांचे ऋण नाचामध्ये तितकेच ठळक आहे. तथापि, दोन लोकनाट्यांनी एकाच शब्दात थट्टेला जागा दिली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

या जुन्या व्यवस्थेत कलावंताला मिळे ती बिदागी. निरोप देताना दिले जाणारे द्रव्य वा वस्त्र हा या शब्दाचा अर्थ असून तीत देणाऱ्याची मर्जी गृहीत असते. बिदागीवर हक्क सांगता येत नाही. या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. मात्र तिची एक बाजू लक्षात घेतली पाहिजे. छत्तीसगढच्या पूर्व भागातील रायगढ संस्थानात (कोकणातील रायगडाशी याचा संबंध नाही) राजा चक्रधर सिंह यांच्या काळात, १९२४ ते १९४७ या वर्षांत, गणेशोत्सवाचा मोठा मेळा भरे. देशभरातील कलावंत येत आणि बिदागी घेऊन जात. पण त्याच दरबारात जयलाल, अच्छन महाराज यांसारखे गुरू आश्रयास होते आणि कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज, बर्मनलाल हे शिष्य त्यांच्याकडे वर्षानुवर्षे शिकत होते. कथ्थकातील ‘रायगढ घराणे’ या दीर्घ शिक्षणातून उभे राहिले. उत्सव काही दिवसांचा असला, तरी त्याच्या पाठीशी वर्षभराची तालीम होती.

नाचाला मात्र असा दरबार क्वचितच लाभला. राजनांदगाव परिसरातील रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस नाचाची संघटित मंडळी उभारली आणि आपली मालमत्ता तिच्यापायी खर्ची घातली. १९८४मध्ये ते निवर्तले तेव्हा त्या संपत्तीतले फारसे काही उरले नव्हते. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ७ नोव्हेंबर १९७१ रोजी बघेरा येथे ‘चंदैनी गोंदा’ रंगमंचावर आणले, तेही स्वतःच्या बळावर. ‘दाऊ’ म्हणजे गावचा सधन शेतकरी. तोच येथे राजाची भूमिका बजावीत होता.

३

स्वातंत्र्योत्तर काळात ‘वेतन’ हा शब्द या प्रदेशात नव्या अर्थाने रुजला. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात १९५९मध्ये उत्पादन सुरू झाले. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांतील अनेकांना त्यामुळे प्रथमच महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम, घर, शाळा, दवाखाना आणि निवृत्तीची हमी मिळाली. १९५६मध्ये खैरागढ येथे राजघराण्याने दिलेल्या वास्तूत इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले, म्हणजे कलाशिक्षणालाही पदे लाभली.

रायपुरात १९२३ साली जन्मलेले हबीब तन्वीर यांचे कार्य याच पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १९५८मध्ये ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम आदी नाचा-कलावंतांना ते दिल्लीस घेऊन गेले. १९५९मध्ये ‘नया थिएटर’ स्थापन झाले. या मंडळीतील नट एका प्रयोगापुरते बोलावलेले पाहुणे नव्हते. तुटपुंजा का होईना, त्यांना मासिक पगार होता आणि ते वर्षानुवर्षे एकत्र राहत होते. १९७५चे ‘चरणदास चोर’ नटांच्या उत्स्फूर्त भर घालण्यातून, दीर्घ सहवासातून घडत गेले. १९८२मध्ये एडिंबरो येथे त्यास पुरस्कार मिळाला. लोकनाट्याच्या आधुनिकीकरणाची चर्चा करताना आपण बहुधा दिग्दर्शकाची दृष्टी, भाषा, संगीत यांविषयी बोलतो. मासिक पगार हीही त्या संहितेच्या घडणीतील एक अट होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

कारखान्याच्या वेतनाने सर्वांना सामावून घेतले नाही, हेही तितकेच खरे. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींत भिलाईसाठी राबणारे कामगार मुख्यतः कंत्राटी होते. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाने हजारो हात रिकामे होतील, म्हणून अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय संघटनेने मांडला. नोकरकपातीविरुद्धच्या या लढ्यातच ‘नवा अंजोर’ हे सांस्कृतिक पथक आणि फागूराम यादव यांच्यासारखे कामगार-गायक पुढे आले. १८५७मध्ये रायपुरात फाशी गेलेल्या सोनाखानच्या वीर नारायण सिंह यांचे स्मरण या कामगारांनी १९७९पासून सार्वजनिक रीतीने सुरू केले. शासनाच्या सन्मानांना, वास्तूंना हे नाव मिळाले ते नंतर. नोकरी टिकविण्यासाठी झगडणाऱ्यांनी आपला उत्सव आपणच निर्माण केला, हे या इतिहासातील महत्त्वाचे प्रकरण होय. १९९१मध्ये नियोगी यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी १ जुलैला भिलाईत कामगारांवर गोळीबार झाला.

४

नव्या राज्यात तिसरा शब्द प्रभावी झाला. हिंदीतील ‘मानदेय’ आणि मराठीतील ‘मानधन’ हे एकाच घडणीचे शब्द होत. दोहोंत ‘मान’ आधी येतो. वेतन हा कामाचा मोबदला असल्याने त्यावर दावा करता येतो. मानदेय ही आदरपूर्वक दिलेली रक्कम असल्याने तिच्याबरोबर सेवाशाश्वती, रजा, निवृत्तिवेतन येत नाही. बिदागीतील मर्जी येथे शासननिर्णयाच्या भाषेत परत आली, असे म्हणता येईल.

याची प्रशासकीय कारणे स्पष्ट आहेत. नियमित पद हे शासनावरचे अनेक दशकांचे दायित्व असते. १९९०च्या दशकातच अविभाजित मध्य प्रदेशाने नियमित शिक्षकांची भरती थांबवून पंचायतींमार्फत ‘शिक्षाकर्मी’ नेमण्याचा मार्ग धरला होता. छत्तीसगढने १ नोव्हेंबर २००४पासूनच्या नेमणुकांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू केली (२०२२मध्ये जुनी योजना पुन्हा आणण्यात आली). २००५मध्ये राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा आला आणि महसुली तूट आटोक्यात ठेवणे बंधनकारक झाले. अशा चौकटीत रिक्त पद ही बचत ठरते. उत्सवाचा खर्च मात्र त्याच वर्षी संपतो; त्याला निवृत्तिवेतन द्यावे लागत नाही. एका कार्यक्रमाचा खर्च कितीही डोळ्यांत भरणारा असला, तरी लेखापालाच्या दृष्टीने शंभर कायम पदांपेक्षा तो निरुपद्रवी असतो. पद आक्रसते आणि प्रसंग फुगतो, त्याचे कारण या एकाच तर्कात आहे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट पाहावी. छत्तीसगढी लोकजीवनात ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेला, रक्ताच्या नात्याइतका जवळचा मित्र. २००२च्या सुमारास राज्याने गावोगावी आरोग्यसेविका नेमल्या. त्यांना ‘मितानिन’ हे नाव मिळाले, वेतनश्रेणी मिळाली नाही. पुढे दुर्गम भागांतील शाळांत तात्पुरते शिक्षक आले, ते ‘विद्या मितान’ म्हणून. मितानिनींच्या कार्याचे मोल मोठे आहे. देशपातळीवरील ‘आशा’ योजनेपुढे त्यांचा आदर्श होता. परंतु नात्याचा शब्द येथे पदाच्या जागी बसला आहे. लोकसंस्कृती व्यासपीठावर नृत्य म्हणून आली आणि कार्यालयात पदनाम म्हणून; दोन्हीकडे तिने पगाराची जागा भरून काढली.

शिक्षाकर्मींनी मात्र हा मान नाकारून वेतनच मागितले. वारंवार झालेल्या संपांनंतर १ जुलै २०१८पासून त्यांचे टप्प्याटप्प्याने शिक्षण विभागात विलीनीकरण झाले. हा क्रम अपरिवर्तनीय नाही, याचा हा पुरावा होय.

डिसेंबर २०१८मध्ये सत्तांतर झाले. पुढील वर्षी २७ ते २९ डिसेंबर या दिवसांत रायपुरात राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला. २०२१ व २०२२मध्येही तो झाला. चित्रपटतारकांच्या जागी आदिवासी पथके आली, हा बदल आशयाच्या दृष्टीने स्वागतार्ह होता. पण पथक येते, नाचते, मानधन घेते आणि परतते, हा करार तसाच राहिला.

५

या कराराचा परिणाम कलाकृतीच्या रूपावर होतो, आणि तौलनिक अभ्यासाचा खरा विषय तोच आहे. नाचा हा रात्रभर चालणारा प्रकार. गाणी आणि नृत्य यांच्यामध्ये गम्मत येते, आणि त्या गम्मतीत मालगुजार, सावकार, पुढारी यांची यथेच्छ थट्टा होते. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. एवढ्या वेळात नृत्य मावते, वेशभूषा मावते. हळूहळू रंगत जाणारी गम्मत मावत नाही. उपरोध गळतो तो सेन्सॉरच्या आदेशाविनाच, वेळेच्या अभावी. महाराष्ट्रात शासकीय महोत्सवांत सादर होणाऱ्या तमाशातून बतावणी आणि वग आक्रसून लावणी उरते, ती प्रक्रिया याहून निराळी नाही.

आणि प्रसंग संपल्यावर कलावंताचे काय होते? ‘चरणदास चोर’मध्ये नायकाची भूमिका करणारे गोविंदराम निर्मलकर यांना २००९मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील आर्थिक ओढग्रस्तीची वृत्तपत्रांतून वारंवार चर्चा झाली होती. दाऊ मंदराजी यांच्या नावाचा राज्य सन्मान राज्योत्सवात दिला जातो. त्यांनी ज्या मंडळीसाठी आपले शेतवाडे गमावले, तशी मंडळी वर्षभर पगारावर पोसण्याची तरतूद मात्र त्या सन्मानात नाही.

म्हणून उत्सव नकोत, असा निष्कर्ष येथून निघत नाही. रायगढचा गणेशमेळा, राजहरातील कामगारांचा स्मरणदिन, हेही उत्सवच होते. पहिल्याच्या पाठीशी गुरूंचा कायम आश्रय होता, दुसऱ्याच्या पाठीशी कामगारांची संघटना होती. शासकीय उत्सवाला विचारावयाचा प्रश्न त्याच्या खर्चाच्या आकड्यापुरता ठेवणे अपुरे आहे. त्या व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या माणसाला, आणि त्याच्या गावातील शिक्षकाला व मितानिनीला, दुसऱ्या दिवशी कोणते पद असते, हेही विचारले पाहिजे. राज्याश्रयाचा इतिहास लिहिताना उत्सवांच्या निमंत्रणपत्रिकांइतकीच पगारपत्रके वाचली गेली, तर लोकनाट्याच्या संहिता का आखडल्या, याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकांनाही मिळू शकेल.