पत्र कुणाच्या हातात दिलं?

डिसेंबर २०१५. मी जालन्यात अकरावीला होतो. तेव्हा पुण्याच्या एका १६ वर्षांच्या मुलीची बातमी आली. म्हणजे माझ्याच वयाची! इंटरनेटवरून ‘इसिस’च्या लोकांशी बोलायची, सीरियाला जायचं मनात होतं. महाराष्ट्र एटीएसने तिला अटक केली नाही. घरच्यांना सोबत घेतलं, मौलवींना बोलावलं, समुपदेशन सुरू केलं.

त्याच वर्षीचं लंडन बघा. फेब्रुवारीत बेथनल ग्रीनच्या शाळेतल्या तीन मुली विमानाने इस्तंबूलला अन् तिथून सीरियात गेल्या. त्यांची एक मैत्रीण डिसेंबरातच गेली होती. म्हणून पोलिसांनी या मुलींशी बोलायला पालकांची परवानगी मागणारी पत्रं काढली, आणि दिली कुणाकडे? मुलींकडेच! (शाळेतली तक्रारीची चिठ्ठी मी तरी कधी घरी दाखवली होती?) आईवडिलांच्या हाती ती लागली, पण मुली गेल्यावर.

शमीमा बेगम त्या तिघींपैकीच. २०१९ मध्ये ब्रिटनने तिचं नागरिकत्व काढून घेतलं. ते पत्र हातात दिलं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.