फ्लॅट तुमचा, सोसायटी तुमची, पण खालची जमीन कोणाची? मीरा-भाईंदरकरांनी हे एकदा वाचाच

सप्टेंबर उजाडला की मीरा-भाईंदरमधल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. रविवारी सकाळी 10 वाजता, गच्चीवर नाहीतर खाली पार्किंगमध्ये. मागील सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, अंदाजपत्रक आणि सगळ्यात शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'.

त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.

या ओळीवर अख्खी सोसायटी चालते म्हटलं तरी चालेल. उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे 60 फ्लॅटच्या सोसायटीत 20 माणसं पुरतात. पण 10 वाजता खुर्च्यांवर आठजण असतात. साडेदहाला अकरा होतात. ते अकराजण 60 घरांचा वर्षभराचा हिशेब मंजूर करतात, चहा-वडा खातात आणि घरी जातात. बाकीचे 49 संध्याकाळी व्हॉट्सअप ग्रुपवर विचारतात, 'मेंटेनन्स कोणाला विचारून वाढवला?'

इतकी वर्षं हे खपून गेलं. पण आता मीरा-भाईंदरच्या जुन्या सोसायट्यांपुढे रंगकाम आणि पार्किंगच्या पलीकडचा प्रश्न आलाय.

शहराचं वय आणि इमारतींचं वय

1985 मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून इथं नगरपरिषद झाली. 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका झाली. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या होती पावणेदोन लाखांच्या आसपास. 2001 मध्ये ती 5 लाख 20 हजारांवर गेली आणि 2011 मध्ये 8 लाखांच्या पुढे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून गिरगाव, परळ, अंधेरी, मालाड सोडून निघालेला माणूस दहिसर चेकनाका ओलांडून इथं येऊन राहिला. मिठागरं आणि भातशेतीच्या गावांत तळमजला अधिक तीन-चार मजले, लिफ्ट नाही, अशा इमारती भराभर उठल्या. त्यातल्या काही तर ग्रामपंचायतीच्या परवानगीवर.

त्या इमारती आज 30 ते 40 वर्षांच्या आहेत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खाऱ्या हवेत लोखंडी सळ्या गंजतात, गंजल्या की फुगतात, आणि फुगल्या की वरचं सिमेंट फोडून बाहेर येतात. छताचा पोपडा पडला की आपण प्लास्टर मारून घेतो. आत गंज चालूच राहतो.

आदर्श उपविधी सांगतात की 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांच्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 265-अ वेगळं आहेच. 30 वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंद असलेल्या अभियंत्याकडून करून घेणं ही मालकाची किंवा राहणाऱ्याची जबाबदारी आहे, असं ते म्हणतं. तपासणीनंतर इमारत चारपैकी एका वर्गात जाते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडा. सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-2ब म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती चालेल. सी-3 म्हणजे किरकोळ काम.

वय हा एकच निकष नाही, हेही लक्षात ठेवा. खाडीपलीकडे विरारमध्ये ऑगस्ट 2025 मध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून 17 जणांचा जीव गेला. ती इमारत 15 वर्षांचीही नव्हती.

खरा पेच इथून सुरू होतो

समजा, इमारत सी-1 मध्ये गेली. पाडली. आता तिथं नवी बांधायची. बांधणार कोण? ज्याची जमीन, तो.

आणि जमीन कोणाची? तुम्ही म्हणाल, आमची. फ्लॅट विकत घेतलाय, कर्ज फेडलंय, शेअर सर्टिफिकेट कपाटात आहे, मालमत्ता कर भरतो.

हे सगळं खरं. पण शेअर सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही सोसायटीचे सदस्य आहात. मालमत्ता कराची पावती सांगते की तुम्ही कर भरला. जमिनीची मालकी ठरते नोंदणीकृत दस्ताने, आणि ती दिसते सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर. अनेक सोसायट्यांच्या सातबाऱ्यावर आजही मूळ शेतकऱ्याचं, नाहीतर बिल्डरचं नाव आहे.

जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देण्याला म्हणतात अभिहस्तांतरण. बोलीभाषेत कन्व्हेयन्स. 1963 चा मोफा कायदा म्हणतो की संस्था नोंदली गेली की चार महिन्यांत बिल्डरने हा दस्त करून द्यायचा. रेरा आल्यावरच्या प्रकल्पांसाठी भोगवटा दाखल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. कायदा इतका स्पष्ट. तरी बिल्डर देत नाही, याचं कारण साधं आहे. जमिनीत शिल्लक असलेला आणि उद्या वाढून मिळणारा एफएसआय. जमीन ज्याच्या नावावर, तो म्हणणार एफएसआय माझा. चार मजल्यांच्या जागी उद्या 20 मजले उठणार असतील तर ते सोडवतं कोणाला?

बरं, दरवेळी बिल्डरच खलनायक असतो असंही नाही. कुठे भागीदारी फुटली, कुठे कंपनी बंद पडली, कुठे मूळ जमीनमालकाच्या वारसांत कोर्टकज्जे लागले. आणि कुठे सोसायटीनेच 25 वर्षं मागितलंच नाही. त्या आयत्या वेळच्या विषयांमध्ये हा विषय कधी आलाच नाही.

मीरा-भाईंदरमध्ये याला आणखी एक जुना पदर आहे. इथल्या पुष्कळ जमिनींच्या अभिलेखांत इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीचं नाव दिसतं. ब्रिटिशकाळात दिलेल्या एका भाडेपट्ट्यातून आलेला हा हक्क. कंपनीचा ना-हरकत दाखला लागावा की नाही, यावर शहरात वर्षानुवर्षं वाद चालत आलाय. तेव्हा आपल्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलंय, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बिल्डर देत नसेल तर?

यासाठी 2008 मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2010 मध्ये नियम आले. त्यातून मिळालं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. बिल्डरची सही नसली तरी सरकारी अधिकारी प्रमाणपत्र देतो आणि त्याच्या जोरावर जमीन सोसायटीच्या नावे होते.

तो अधिकारी म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. आपल्यासाठी ठाण्याचा. आधी सर्वसाधारण सभेत ठराव करायचा. बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटीस पाठवायची. मग नमुना 7 मध्ये अर्ज. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा, मंजूर नकाशा, सदस्यांची यादी, एखाद्या सदस्याचा नोंदणीकृत करारनामा, वास्तुविशारदाचा दाखला. उपनिबंधक समोरच्याला नोटीस काढतो, सुनावणी घेतो. कायद्याने सहा महिन्यांत निकाल अपेक्षित आहे.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते ओसीवर, म्हणजे भोगवटा दाखल्यावर. 'आमच्या बिल्डिंगला ओसीच नाही, मग कसलं कन्व्हेयन्स?' असं म्हणून फाइल बंद होते. 2018 मध्ये सरकारने कागदपत्रांची यादी छोटी केली आणि ओसी नसेल तिथं स्वयंघोषणापत्राची सोय दिली. तेव्हा ओसी नाही म्हणून अर्जच न करणं, हे आता कारण होत नाही.

आणि एक चूक हमखास होते. उपनिबंधकाचं प्रमाणपत्र हातात आलं की पेढे वाटले जातात आणि फाइल कपाटात जाते. काम तिथं निम्मंच झालेलं असतं. पुढे दस्ताचं मुद्रांक मूल्यांकन, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि शेवटी तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात फेरफार. सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव चढलं की मग पेढे.

रिडेव्हलपमेंटची सभा वेगळी असते

जमीन नावावर असली की पुनर्विकासाच्या टेबलावर सोसायटी मालक म्हणून बसते. नसली तर जुना बिल्डर म्हणतो, मीच बांधणार, मी देईन तेवढी जागा घ्या. आणि इमारत आधीच रिकामी करावी लागली असेल तर वाट पाहायची ताकद कोणाची जास्त असते? नालासोपाऱ्यात भाड्याने राहून पोरांची शाळा भाईंदरला ठेवलेल्या कुटुंबाची नक्कीच नाही.

पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली 4 जुलै 2019 चे निर्देश आहेत. एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली की समितीने विशेष सभा बोलवायची. दोन तृतीयांश सदस्यांची हजेरी हवी. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. पुनर्विकासाच्या निर्णयाला निम्म्याहून अधिक सदस्यांची संमती लागते. विकासक निवडण्याच्या सभेला उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी असतो. म्हणजे अकराजणांत चहा-वड्यावर हा विषय उरकायचा नाही, अशी या निर्देशांची मांडणी आहे.

इथं थोडं विषयांतर करतो. मेट्रो 9 चं कारशेड राई, मुर्धे आणि मोर्वा गावांच्या जमिनीवर येणार म्हटल्यावर तिथले ग्रामस्थ एकजुटीने उभे राहिले. अखेर जागा बदलून डोंगरीकडे गेली. (तिथे मग झाडांच्या तोडीवरून नवा विरोध उभा राहिला, ती वेगळी गोष्ट.) त्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसालाही आपला सर्व्हे नंबर तोंडपाठ असतो. आपल्या टॉवरमधल्या किती जणांना आपली इमारत मौजे नवघरमध्ये आहे, मौजे खारीत की मौजे गोडदेवमध्ये, हे सांगता येईल?

रोजच्या भांडणांचं काय?

ती आहेतच, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं ठरलेली आहेत. सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, वन बीएचके असो की टू. पाणीपट्टी नळांच्या हिशेबाने. फ्लॅट भाड्याने दिला तर ना-वहिवाट शुल्क सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के. फ्लॅट विकताना हस्तांतरण प्रीमियम महानगरपालिका हद्दीत कमाल 25 हजार रुपये. 'स्वेच्छा देणगी'च्या नावाखाली त्याहून जास्त मागितलं तर ते नियमबाह्य. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. हा फंड टँकरचं बिल भागवायला वापरायचा नसतो, हे मीरा रोडमध्ये मुद्दाम सांगावं लागतं. सूर्या धरणातून शहरासाठी दिवसाला 218 दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखलेली आहे, पण मे महिन्यात गेटवर टँकर उभा राहिला की पैसे जिथून मिळतील तिथून काढले जातात.

तक्रार कुठे करायची, यावरही गोंधळ असतो. कमिटी हिशेब दाखवत नाही, सदस्यत्व देत नाही, सभा घेत नाही, तर सहकार खात्याचा उपनिबंधक. सदस्यांमधला किंवा सदस्य आणि संस्थेतला वाद असेल तर सहकार न्यायालय. बेकायदा बांधकाम, गटार, कचरा, धोकादायक इमारत यासाठी महापालिका. नगरसेवकाकडे जाता येतंच, पण ऑगस्ट 2022 मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली आणि नव्यासाठी मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली तीन वर्षं आणि वर काही महिने शहर प्रशासकाच्या हातात होतं. त्या काळात सोसायटीची कमिटी हीच लोकांनी निवडून दिलेली सगळ्यात जवळची संस्था होती.

माहिती अधिकाराचा अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरीला देऊन उपयोग नाही. सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिलाय. मात्र उपनिबंधक कार्यालयाकडे तुमच्या सोसायटीचे जे कागद आहेत, ते तिथून माहिती अधिकारात मागता येतात. आणि सदस्य म्हणून हिशेब, इतिवृत्त, उपविधी पाहण्याचा हक्क सहकार कायदा तुम्हाला थेट देतो.

आजच करता येईल असं एक काम

कपाटातून फ्लॅटचा करारनामा काढा. शेवटच्या पानांवर परिशिष्ट असतं, त्यात गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मिळेल. महाभूमीच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्हा, ठाणे तालुका आणि ते गाव निवडून नंबर टाका. नुसतं पाहायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. उताऱ्यावर भोगवटादाराचं नाव वाचा, मग 'इतर हक्क' वाचा. तिथं तुमच्या सोसायटीचं नाव नसेल तर येत्या सभेच्या आधी समितीला लेखी पत्र द्या, की कन्व्हेयन्सचा ठराव विषयपत्रिकेत क्रमांक टाकून घ्यावा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. सभेला 10 वाजताच जा.