चार वापिटी विमानांपासून ओझरपर्यंत



वारणेच्या खोऱ्यात उसाचे गळीत संपते, कारखान्याचे धुराडे शांत होते, आणि परगावच्या मनुष्यास वाटते की आता कारखान्याला सुटी लागली. वारणानगरात राहणाऱ्या आम्हां लोकांस मात्र ठाऊक असते, की फिटर आणि वेल्डर यांची खरी धांदल त्याच दिवशी सुरू होते. रोलर खाली उतरविले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, झिजलेली बेअरिंगे बदलली जातात. पुढचा हंगाम सुरळीत चालणार, की गव्हाणीत मोळी पडून आठ दिवस झाले नाहीत तोच गिरण थांबणार, हे त्या बंद महिन्यांतच ठरून जाते.

आमच्या शेजारी एक वृद्ध ऊसबागाईतदार राहतात. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. औद्योगिक शिक्षण घेऊन तो नाशिकजवळच्या ओझर येथे विमानांच्या कामावर लागला. दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांस भारतीय वायुसेनेने निरोप दिला, त्या दिवशी हे गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, जुनी विमाने गेली, तर नवी का घेत नाहीत? पैसा टाकला की विमान मिळतेच की! आणि आमचा मुलगा तरी विमान चालवितो कोठे? नुसता दुरुस्त करतो." या दोन वाक्यांत जी समजूत दडलेली आहे, तिचा विचार इतिहासाच्या साह्याने करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

विकत घेतलेले बळ म्हणजे काय, याचा धडा महाराष्ट्राने विमानाचा शोध लागण्यापूर्वीच घेतलेला आहे. महादजी शिंदे यांनी १७८४ पासून डी बॉयन या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना काढला. शिपाई आपले, तोफा आपल्या भूमीवर ओतलेल्या. अधिकारी मात्र बहुतांशी परके राहिले. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी निघून गेले, आणि सेनापती पेराँ यानेही शत्रूचा आश्रय केला. लासवारीच्या रणांगणावर त्या पलटणी अधिकाऱ्यांवाचूनही शौर्याने झुंजल्या. परंतु पराभव टळला नाही. शस्त्राचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर शस्त्राची धार अवलंबून राहते, हा त्या पराभवाचा अर्थ होय.

आता विमानांकडे वळू. भारतीय विमानदळाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ द्रिग रोड येथे त्याचे पहिले पथक उभे राहिले. त्याची संपत्ती किती? वापिटी जातीची चार दुपंखी विमाने, आणि मनुष्यबळ म्हणाल तर सहा हिंदी अधिकारी व एकोणीस हवाई शिपाई! ही वापिटी विमानेही काटकसरीतून जन्मलेली. पहिल्या महायुद्धातील विमानांचे उरलेले सुटे भाग खपावेत, अशा बेताने इंग्लंडात त्यांची आखणी झाली होती. मोठ्या साम्राज्याच्या वखारीत जे शिळे उरले, ते धाकट्या दळाच्या वाट्यास आले. लहान विमानदळांची ही कहाणी जगात सर्वत्र सारखीच आहे.

परंतु त्या हवाई शिपायांत हरजिंदर सिंग नावाचा एक तरुण होता. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा मनुष्य साध्या शिपायाच्या दर्जावर भरती झाला, आणि पुढे एअर व्हाइस मार्शल या पदापर्यंत चढला. वैमानिकांची नावे आपण मुलांस पाठ करावयास लावतो. ज्यांच्या हातांनी विमाने उडती राहिली, त्यांतले हे नाव क्वचितच आपल्या कानी पडते. १९४२ च्या फेब्रुवारीत हेच पथक ब्रह्मदेशात लढावयास गेले, तेव्हा त्याच्यापाशी लायसँडर विमाने होती. ही विमाने मुख्यतः टेहळणीसाठी व भूसेनेच्या साह्यासाठी बनविलेली. त्यांच्या पोटाखाली बाँब अडकवून पथकाचे प्रमुख मजुमदार यांनी जपानी विमानतळावर हल्ला चढविला. जुन्या यंत्रातून नवे काम काढून घेण्याची ही हातोटी कारागिरांवाचून साधली नसती.

याच सुमारास आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडत होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी साखरेचा कारखाना काढला, जहाजे बांधावयास घेतली, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची स्थापना केली. युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेऊन तेथे दोस्त राष्ट्रांची विमाने दुरुस्त करविली. नवीन विमाने बांधण्याचे स्वप्न तूर्त बाजूस पडले. परंतु दुरुस्तीच्या त्या कामातून शेकडो हात तयार झाले.

त्या हातांची कसोटी लवकरच लागली. १९४७ च्या फाळणीत कराचीचा मोठा विमान-डेपो सीमेपलीकडे गेला. इकडे कानपूरच्या माळावर अमेरिकी बनावटीची लिबरेटर ही प्रचंड बाँबफेकी विमाने बेवारशी पडली होती. ती कोणाच्या उपयोगी पडू नयेत, म्हणून जाणाऱ्यांनी त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली. आपल्या कारागिरांनी ती उडण्याजोगी करून एकेक बंगलोरला नेली, आणि तेथे चाळिसांहून अधिक विमाने पुन्हा नवी करून दिली. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांचे पहिले पथक उभे राहिले. ही विमाने १९६८ पर्यंत कामात होती. भंगारातून उठविलेले दळ वीस वर्षे टिकले, श्रोतेहो!

पुढे जेट विमानांचे युग आले. १९४८ मध्ये इंग्लंडची व्हँपायर, १९५३ मध्ये फ्रान्सची तुफानी, १९५७ मध्ये हंटर, मिस्तेर आणि कॅनबेरा, अशी विमाने एकामागून एक आली. जितके देश, तितक्या जातीचे सुटे भाग, तितकी निराळी हत्यारे. एकाच स्वयंपाकघरात चार प्रकारच्या चुली मांडाव्यात, तशी ही अवस्था. तीतून सुटण्यासाठी जर्मन अभियंता कुर्ट टांक याच्या मार्गदर्शनाखाली बंगलोर येथे मारुत हे विमान सिद्ध झाले. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. देह उत्तम, परंतु त्या देहास साजेसे जोरकस इंजिन काही मिळाले नाही. परदेशी इंजिनावर भिस्त, आणि ते वेळेवर हाती येईना. सुमारे दीडशे मारुत बांधली गेली. १९७१ च्या युद्धात त्यांनी कामगिरीही बजावली. परंतु ज्या वेगासाठी त्यांचा जन्म होता, तो वेग त्यांना कधीच गाठता आला नाही.

आता ओझर. रशियाच्या परवान्याने मिग-२१ बांधण्याचा कारखाना १९६४ साली तेथे स्थापन झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि विद्युत्‌-यंत्रे हैदराबादेस, अशी कामाची वाटणी होती. सहाशेहून अधिक मिग-२१ विमाने आपल्या देशात बांधली गेली. नाशिकच्या द्राक्षमळ्यांच्या शेजारी एक पिढी या कामात वाढली.

परंतु नाण्याची दुसरी बाजू दडविणे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही. मिग विमानांची जागा घेणाऱ्या स्वदेशी हलक्या विमानाची योजना १९८३ साली मंजूर झाली. त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले, आणि तेजस या नावाने त्याचे पहिले पथक २०१६ साली उभे राहिले. नव्याची वाट पाहता पाहता जुने उडत राहिले. तरुण वैमानिकांसाठी मधल्या पायरीचे शिक्षण-विमान हवे, अशी शिफारस एका समितीने १९८२ साली केली होती. ते हॉक विमान २००८ साली सेवेत आले. दरम्यान सव्वीस वर्षांत मुले साध्या विमानावरून थेट अतिवेगवान विमानावर चढत राहिली. १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत सर्व जातींच्या मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मरण पावले, असे संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले. विलंबाची किंमत रुपयांत मोजली जाते, असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा. तो घराघरांतून मोजला गेलेला आहे.

या काळात ओझरने काय केले? जुन्या मिग-२१ विमानांस नवे रडार व नवी अस्त्रे देऊन 'बायसन' हे रूप दिले. तेथेच वायुसेनेची स्वतःची दुरुस्तीशाळा आहे. १९७४ साली निघालेल्या या शाळेत मिग-२९ विमानांचे नूतनीकरण झाले, आणि २०१८ साली सुखोई विमान पूर्णपणे उकलून, तपासून, पुन्हा जोडून दिले गेले. निवृत्तीचा दिवस त्यामुळे लांबला. टळला मात्र नाही. मिग-२१ गेल्यावर २०२५ साली मंजूर ४२ पथकांपैकी २९ च उरली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान आकाशात झेपावले. आनंदाचाच तो क्षण. तथापि याही विमानास उशीर होण्याचे एक कारण अमेरिकेहून येणारी इंजिने हेच होते. मारुतच्या वेळी जो काटा रुतला, तोच साठ वर्षांनंतर पुन्हा पायात! विमानाचे हृदय जोवर उसने आहे, तोवर शिंद्यांच्या पलटणींचा धडा जुना झाला, असे म्हणता येणार नाही.

मागल्या दिवाळीत तो विद्यार्थी गावी आला होता. मी त्याला विचारले, "कामाची रीत कशी असते रे?" तो म्हणाला, "गुरुजी, पाळी संपली की हत्यारांची पेटी मोजतो. एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाही. तो आत राहिला, तर वर गेलेला माणूस खाली येणार नाही." त्याचे वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून "नुसता दुरुस्त करतो" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

विमान विकत मिळते, श्रोतेहो. ती मोजलेली पेटी बाजारात मिळत नाही. ती पिढ्यानुपिढ्या घडवावी लागते, आणि घडविणाऱ्यांस मानही द्यावा लागतो. आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी पाना हाती घेऊ इच्छील, तर तिला वा त्याला कमी लेखू नका, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती आहे.