रेड सॉस, व्हाइट सॉस आणि जिताडा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या फूड कोर्टात इटली दोनच रंगांत मिळते: रेड सॉस आणि व्हाइट सॉस. खऱ्या इटलीत वीस प्रांत आहेत, आणि त्यांचा एक देश झाला तोच मुळी १८६१ साली. बोलोन्यात पिठात अंडं घालून पास्ता लाटतात, दक्षिणेला पुलियात रवा आणि पाणी पुरतं, मिलानकडे भात शिजतो. हे सगळं दोन सॉसमध्ये कसं मावलं?

थोडं मागे जाऊ. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचे केक-मिठाई बनवायला फेदेरिको पेलिती हा पीडमाँट प्रांतातला माणूस १८६९ साली कोलकात्यात आला. पुढे त्याने तिथे स्वतःचं रेस्टॉरंट थाटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या फोर्टात दोन इटालियन भावांचं ‘मॉन्जिनी’ युरोपियन साहेबलोकांत लोकप्रिय होतं. नाव ओळखीचं वाटलं ना? तेच ते! १९५८ साली ते खोराकीवाला कुटुंबाने विकत घेतलं, आणि आज डोंबिवलीतल्या वाढदिवसांना त्याच नावाचा केक कापला जातो.

म्हणजे हॉटेलवाले इटालियन होते, पण नाव झालं ते केक-पेस्ट्रीमुळे. गिऱ्हाईक साहेब, तर ताटात साहेबाची आवड.

आपल्याकडेही हिशेब तोच. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली वागळे इस्टेटमधूनच झाली. कारखान्यांत कोकणातून, घाटावरून, दक्षिणेतून माणसं आली. उडुपी हॉटेलांनी इडली-डोशाशेजारी पावभाजी ठेवली, मग पंजाबी, मग चायनीज. त्यात त्यांचं काय चुकलं? जागेचं भाडं शेवटी गिऱ्हाइकाच्याच पैशातून निघतं.

म्हणून मुंबईतलं एखादं रेस्टॉरंट मेन्यूवर नुसतं ‘इटालियन’ न लिहिता प्रांताचं नाव छापतं, तेव्हा मला ती मोठी गोष्ट वाटते. पदार्थ जुनाच असतो. त्या प्रांताची गिऱ्हाइकाच्या लेखी पत वाढलेली असते.

ठाण्यात ही पत आगरी स्वयंपाकाला अजून पुरती मिळालेली नाही. ही खाडी, ही भातशेती, ही मिठागरं ज्यांची, त्यांची तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण खायला आपण आगरी महोत्सवात रांग लावतो. रोजच्या डब्यावर मात्र पास्ता मागवतो. गिऱ्हाईक आता साहेब नाही, आपण आहोत. मेन्यू बदलायचा तर मागणीही आपल्यालाच करावी लागेल.